कानात बोटं घाला

पुस्तकात हायड्रोजनची ओळख एका शब्दात उरकली आहे: ‘फट्’. जळती काडी नेली की फट् आवाज. हा शब्द लिहिणाऱ्याला नववी ब समोर काडी पेटवावी लागली नसणार.

आदल्या रात्री मी जरा जास्तच वाचलं, तीच चूक झाली. हवेत हायड्रोजन 4 टक्क्यांपासून 75 टक्क्यांपर्यंत कितीही असला तरी तो पेट घेतो म्हणे. एवढी सवलत दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्यालासुद्धा नसते. झोप लागली नाही.

सकाळी आम्ल विरल केलं. आधी पाणी, त्यात थेंब थेंब आम्ल. उलटं केलं तर उकळून अंगावर उडतं. प्रयोगशाळेचे मामा दारात उभे. ‘‘आत या की मामा.’’ ‘‘नको सर. वीस वर्षं इथूनच बघतोय. डोळे शाबूत आहेत.’’

शाळेत गॉगल दोन. एकाचं रबर तुटलेलं, त्याला मामांनी बुटाची नाडी बांधलेली. तो माझ्या वाट्याला आला. वर्गात शिरताच मागून आवाज: ‘‘सर, वेल्डिंग आहे का?’’

शंकूपात्रात जस्ताचे दाणे, दोन भोकांचं बूच, एका भोकात थिसल नरसाळं, म्हणजे लांब दांडीचं, दुसऱ्यात वाकडी नळी, तिचं टोक साबणाच्या पाण्यात. मी आम्ल ओतलं. अठ्ठावन्न पोरांनी श्वास रोखला. आत दोन-चार बुडबुडे आले, तेही लाजत. जस्त फार शुद्ध असलं की आम्लाला दाद देत नाही, हे मला आठवायच्या आत दारातून आवाज आला, ‘‘सर, चिमूटभर मोरचूद टाका की!’’ टाकला. मोरचुदात तांबं असतं; जस्तावर त्याचा काळपट थर धरला आणि फसफस सुरू झाली. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मामांसाठी.

तरी साबणाच्या पाण्यात फुगा येईना. बूच दाबलं, नळी हलवली, देवाचं नाव घेतलं. शेवटी पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘‘सर, नरसाळ्याचं टोक आम्लाच्या वर राहिलंय. वायू तिथूनच जातोय.’’ मी म्हटलं, ‘‘शाबास, तुम्ही बघताय का तेच पाहत होतो,’’ आणि टोक बुडेपर्यंत आम्ल ओतलं.

आता खरी भीतीची जागा. सुरुवातीला येणाऱ्या वायूत पात्रातली हवा मिसळलेली असते. त्या वेळी नळीच्या तोंडाशी काडी नेली तर ज्योत आत शिरते आणि ‘फट्’ परीक्षानळीत न होता अख्ख्या पात्रात होतं. म्हणून पहिला वायू सोडून द्यायचा. मी तो इतका वेळ सोडला की दोन पोरांचे डबे उघडले गेले.

मग परीक्षानळी उलटी धरली. हायड्रोजन हवेपेक्षा सुमारे 14 पट हलका, सरळ धरली तर हाती नुसती नळीच उरायची. तोंडावर अंगठा दाबून ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, मेणबत्तीकडे नेली. पात्र एकीकडे, ज्योत दुसरीकडे. त्या दोघांची गाठ पडू द्यायची नाही.

‘‘सगळ्यांनी कानात बोटं घाला!’’ मी ओरडलो. पोरं एवढी आज्ञाधारक यापूर्वी कधीच नव्हती. मुख्याध्यापक व्हरांड्यातून चालले होते, त्यांनीही घातली.

अंगठा काढला.

फट्.

खरं सांगायचं तर शेंगदाण्याचं टरफल फुटावं तेवढंच. पण गॉगलची नाडी सुटून नाकावर आली, ती त्याच क्षणी.

मी विजयी मुद्रेने वर्गाकडे पाहिलं. अठ्ठावन्न पोरं कानात बोटं खुपसून माझ्याकडे बघत होती. बराच वेळ. मग एकाने एक बोट काढलं.

‘‘सर, कधी वाजणार?’’

तेवढ्यात तासाची घंटा वाजली. ती मात्र सगळ्यांना ऐकू आली.

शनिवारी वह्या तपासल्या. सत्तावन्न वह्यांत ‘फट् असा मोठा आवाज झाला’, गाईडमधून, एकाच चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घासह. अठ्ठावन्नावी वही पहिल्या बाकावरची.

निरीक्षण: सर दचकले.
अनुमान: वायू हायड्रोजन आहे.