सिंहगड पडलाय

आमच्या घरचं इंटरनेट चपलांच्या कपाटावर राहतं. तिथे एक काळा डबा आहे, शेवयांच्या पुड्याएवढा. कुठल्याशा ऑफिसातून निवृत्त झालेला हा मिनी पीसी मी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून उचलला, त्यात १६ जीबी रॅम घातली आणि प्रॉक्समॉक्स चढवलं. प्रॉक्समॉक्स, म्हणजे एकाच यंत्रात अनेक संगणक नांदवणारं सॉफ्टवेअर, ही डेबियन लिनक्सच्या प्लॉटवर उभी राहिलेली सोसायटी. व्हर्च्युअल मशीन म्हणजे स्वतंत्र ब्लॉक, स्वतःच्या कर्नलसकट (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा). कंटेनर म्हणजे कॉट बेसिस: झोपायची जागा आपली, कर्नल मालकाचं. पुण्यात राहिलेल्या माणसाला व्हर्च्युअलायझेशन याहून जास्त समजावावं लागत नाही.

आणताना बायकोला म्हटलं होतं, "फक्त छंद गं." १९९१ साली लिनस टोरवाल्ड्सनेही लिनक्सची पहिली खबर देताना 'नुसता छंद' असंच कळवलं होतं. पुढे काय झालं ते दिसतंच आहे.

बिऱ्हाडांना मी किल्ल्यांची नावं दिली. सिंहगड हे व्हर्च्युअल मशीन; घरातले दिवे त्याच्या ताब्यात. पन्हाळा हा कंटेनर, त्यात जाहिराती अडवणारं पाय-होल. घरातल्या प्रत्येक यंत्राने कुठल्याही वेबसाइटचा पत्ता आधी पन्हाळ्याला विचारायचा. जाहिरातवाल्याचा पत्ता असेल तर पन्हाळा अस्सल पुणेरी सुरात सांगतो, असं इथे कोणी राहत नाही. शिवाय आलेल्या प्रत्येक उत्तराची डिजिटल सही तपासायचं कामही मी त्याला लावलं होतं. राउटरमध्ये दुसरा एखादा डीएनएस (पत्ते सांगणारा सर्व्हर) देऊन ठेवावा, असं शहाणे लोक सांगतात. पण मग जाहिराती मागच्या दाराने शिरतात. म्हणून मी तो काढून टाकला होता.

एका गुरुवारी सकाळी दुरुस्तीसाठी वीज गेली, ती संध्याकाळी पाचला आली. सव्वापाचला हिंजवडीत फोन वाजला.

"अरे, टीव्हीवर नुसतं गोल गोल फिरतंय."

"आई, चपलांच्या कपाटावरचा डबा बघ. दिवा दिसतोय का?"

"कसला दिवा? त्याच्यावर तुझं हेल्मेट आहे."

हेल्मेट निघालं, बटण दाबलं गेलं, दिवा लागला. टीव्ही मात्र गोल गोलच. "सिंहगड पडलाय बहुतेक," मी पुटपुटलो. शेजारच्या टेबलावरून काळजीचा सूर आला, "घाटात परत दरड का?"

हिंजवडीच्या ट्रॅफिकबद्दल नवीन काही लिहिण्यासारखं नाही. सात वीसला घरी पोचलो. डब्याला मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही. असल्या यंत्राला ते नसणं हीच प्रतिष्ठा. घरात एचडीएमआय घेणारा पडदा एकच, टीव्ही. आणि आईची मालिका साडेसातला.

केबल जोडली, एक कीबोर्डही. पडद्यावर सूचना होती की तारीख-वेळ ठरलेली नाही, एफ-वन दाबा. म्हणजे सव्वापाचपासून बिचारा हेल्मेटच्या शेजारी एफ-वनची वाट बघत उभा. आतला रुपयाच्या नाण्याएवढा सेल संपला होता. वीज नसताना मदरबोर्डचं घड्याळ आणि बायोसच्या, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या, सेटिंग्ज तोच सांभाळतो. वीज आली की आपोआप सुरू व्हायचं, ही सूचनाही त्याच्याबरोबर गेली. यंत्राच्या लेखी १ जानेवारी २०१५ उजाडला होता.

एफ-वन दाबलं. बूट होताना सिस्टिमडीने, म्हणजे लिनक्समध्ये बाकी सगळ्यांना उठवणाऱ्या प्रोग्रामने, ती तारीख पाहिली आणि पुढे ढकलली, पण स्वतःच्या जन्मतारखेपर्यंतच. (आपल्या जन्माआधी जग नव्हतं असं मानणारे आमच्या नात्यातही आहेत.) पन्हाळा उठला आणि सह्या तपासू लागला. सगळ्या सह्या पुढच्या तारखेच्या! एकही मान्य नाही, म्हणजे कुणाचाच पत्ता नाही. वेळ दुरुस्त करायची तर टाइम सर्व्हरला विचारायचं, आणि टाइम सर्व्हरचा पत्ता पन्हाळ्याला विचारायचा. घड्याळ चुकलेलं म्हणून पत्ता मिळेना, पत्ता मिळेना म्हणून घड्याळ सुधरेना. सरकारी दाखल्यांचा अनुभव असल्यामुळे मला हे लगेच ओळखू आलं.

मग रूट, म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी, होऊन तारीख हाताने घालायची ठरवली. आईने कालनिर्णय बघून तारीख सांगितली, बरोबर तिथी आणि संकष्टी कधी तेही सांगितलं. लिनक्स तिथी घेत नाही. सात एकतीसला पन्हाळा बोलू लागला, मी केबल उपटली आणि टीव्हीवर सून रडू लागली. एवढा आनंद तिच्या रडण्याचा मला कधी झाला नव्हता.

तेवढ्यात बायको. "बाल्कनीतला दिवा लागत नाहीये."

"भिंतीवरच्या बटणाने लाव ना."

"त्या बटणावर तूच टेप मारलीयस."

सिंहगड खरंच पडलेला होता. बायोस कोरं झालं, तशी त्यातली व्हर्च्युअलायझेशनची परवानगीही बंद झाली. कॉट बेसिसवाले मजेत, स्वतंत्र ब्लॉकवाले रस्त्यावर. ती चालू करायची तर सगळं रीस्टार्ट, म्हणजे पुन्हा टीव्ही. आईने स्क्रीनवरची नजर न हलवता सांगितलं, "साडेनवानंतर." ऑफिसात प्रॉडक्शन सर्व्हर बंद करायची मंजुरी मला याहून लवकर मिळते.

साडेनऊला डबा उघडला. सेलवर सीआर२०३२ लिहिलेलं. एव्हाना दुकानं बंद. घरभर शोधलं, गाडीच्या किल्लीत निराळाच निघाला. शेवटी एका जागी नेमका तोच सापडला. पावणेअकराला सिंहगड उभा, बाल्कनीत उजेड, मी झोपायला मोकळा.

सकाळी सहाला बायकोचा आवाज आला. ती वजनकाट्यावर उभी होती आणि काटा कोरा होता. तिने काटा उलटा केला, रिकाम्या खोबणीत बोट घातलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "हापण पडलाय. ह्याचं नाव काय, तोरणा?"