तो वाकलेला माणूस

लेकीचा विज्ञानाचा तक्ता आज घरी आला आणि माझं डोकं फिरलं. तीच ती रांग! डावीकडे माकड, उजवीकडे ताठ उभा माणूस आणि मधे पोक काढून, गुडघ्यांत वाकून चालणारा निअँडरथल, म्हणजे हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेला एक मानव. लेकीने त्याच्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हा आजोबांसारखा चालतो."

बाबा समोरच बसले होते. हसले. मला नाही आलं हसू.

संधिवाताने बाबांच्या पाठीला बाक आलाय. खाली पडलेली पेन्सिल उचलायची तर आधी टेबलाची कड धरतात, मग एक गुडघा टेकवतात, मग कुठे हात पोचतो. दात जवळपास सगळे गेलेत. उद्या कुणी एवढ्या एका माणसाला बघून ठरवलं, की यांचं अख्खं खानदानच असं वाकडं चालायचं, तर?

नेमकं तेच झालंय हो! १९०८ मध्ये फ्रान्समधल्या ला शापेल-ओ-सां इथे एक सांगाडा सापडला. पॅरिसच्या मार्सेलिन बूल नावाच्या बड्या विद्वानाने त्याच्यावरून सगळ्या निअँडरथलांचं चित्र रंगवलं : मान पुढे, गुडघे वाकलेले, अर्धं जनावर. आणि सांगाडा कुणाचा? मणके झिजलेल्या, दाढा गेलेल्या एका म्हाताऱ्याचा. १९५७ मध्ये स्ट्रॉस आणि केव्ह या दोन शरीररचनातज्ज्ञांनी तीच हाडं पुन्हा तपासली आणि म्हणाले, याला आंघोळ घालून, दाढी करून, कपडे चढवून न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत बसवा, फारसं कुणी वळून बघणार नाही. आता कुणी म्हणेल, सगळा दोष संधिवाताचा नव्हता, वाकलेला माणूस बूलच्या डोक्यातच होता. मग तर आणखीच वाईट!

मुलांना सोपं करून सांगावं लागतं, मान्य. म्हणून काहीही छापायचं? २०१० मध्ये जनुकशास्त्रज्ञ स्वान्ते पेबो यांच्या चमूने निअँडरथलचा जनुकसंच वाचला. आफ्रिकेबाहेरच्या आपल्यासारख्यांच्या अंगात त्याचा एक-दोन टक्के वाटा निघाला. म्हणजे ज्याला आपण मागची पायरी म्हणून हसतो, तो आपल्याच पणजोबांचा कुठला तरी पणजोबा. सायबेरियातल्या डेनिसोवा गुहेत तर एका मुलीच्या हाडाचा इवलासा तुकडा मिळाला. २०१८ मध्ये कळलं, आई निअँडरथल, बाप डेनिसोव्हन, म्हणजे तसाच नामशेष झालेला दुसरा मानव. हिला रांगेत कितव्या नंबरवर उभी करणार?

जाऊ दे. चिडून लिहायला बसले होते, पण मन त्या म्हाताऱ्यापाशीच अडकलंय. दाढा पडल्यावर त्याच्या जबड्याचं हाड भरून आलं होतं, म्हणजे त्यानंतरही तो बराच जगला. कुणीतरी त्याला मऊ करून भरवत असेल का? उरलेल्या दातांवर भागलं असेल, असं काही अभ्यासक म्हणतात. असेल बुवा. मला मात्र बाबांचं ताट दिसतं. आई सगळं कुस्करून ठेवते, न बोलता.

हे लिहीपर्यंत लेकीने तक्त्यातल्या त्या वाकलेल्याच्या हातात निळ्या पेनाने काठी काढून दिली आहे. तक्ता उद्या जमा करायचाय.