भोंगा वाजल्यावर कोणता टॅब बंद करायचा?

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात 2022 साली रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायचं गावाने ठरवलं. कौतुक झालं, ते रास्तच होतं. पालकसभांपासून व्हॉट्सॲपच्या गटांपर्यंत आपल्याकडे एकच वाद रंगतो: मुलाच्या हातात स्क्रीन द्यावी की नाही. इथे अमेरिकेतही तो आहेच. न्यूयॉर्क राज्याने सप्टेंबर 2025 पासून पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत शाळेत फोनबंदी केली. पण त्या नियमात एक ओळ आहे: ज्या मुलाच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात, म्हणजे आयईपीत, उपकरण लिहिलेलं असेल त्याला बंदी लागू नाही. नेदरलँड्सनेही 2024 मध्ये वर्गातून फोन हटवताना अपंग मुलांसाठी असाच अपवाद ठेवला. आपल्या वादात ही ओळ जवळजवळ ऐकूच येत नाही.

बोलता न येणारं स्वमग्न मूल ज्या टॅबवर चित्रं दाबून 'पाणी पाहिजे' म्हणतं, तो टॅब सरसकट बंदीत गेला की त्याची वाचा गेली. त्यात 'व्हर्च्युअल ऑटिझम', म्हणजे स्क्रीनमुळे होणारी स्वमग्नता, या शब्दाने गोंधळ वाढवला आहे. लहान बाळापुढे तासन्‌तास मोबाईल धरू नये हे खरंच. पण डीएसएम-5 या निदानाच्या प्रमाण ग्रंथात असा आजार नाही, आणि टॅब काढून घेतल्याने स्वमग्नता जात नाही. 'टॅब दिला तर ते बोलायचंच सोडून देईल' ही भीतीही जुनीच. संवादाची अशी पर्यायी साधनं दिल्यावर बोलण्याचं काय होतं, याबद्दल विकासात्मक अपंगत्व असलेल्यांवरच्या अभ्यासांचा एक आढावा 2006 साली निघाला. त्यात भक्कम पुरावा असलेल्या 27 जणांपैकी एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं आणि 89 टक्क्यांचं वाढलं होतं. वाढ माफक होती, हेही त्याच दमात सांगायला हवं.

कायद्याच्या कागदावर आपण मागे नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 17 मध्ये संवादाच्या पर्यायी साधनांना चालना देण्याची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे. फरक पुढच्या पायरीवर पडतो. इथे आयईपी लिहिताना प्रत्येक मुलाला सहायक साधन लागेल का, याचा विचार करणं बंधनकारक आहे, आणि गरज ठरली तर शाळेचं साधन घरीही न्यायला मिळतं. म्हणून इथलं सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. जूनमध्ये वर्गातले लॅपटॉप जमा करताना बोलका टॅबही जमा झाला, तर मूल दोन महिने मुकं राहतं. शाळेने इंग्रजीच भरलेला टॅब मराठी घरात आजीशी काय बोलणार? दोन भाषांनी स्वमग्न मुलाचं नुकसान होतं असा पुरावा नसताना 'घरीही इंग्रजीच बोला' हा सल्ला कितीतरी मराठी कुटुंबांनी निमूटपणे पाळला.

टॅबला बोलतं करणारं ॲप मिळत नाही ही सबब मात्र आता चालणार नाही. इथे सर्रास वापरलं जाणारं प्रोलोक्वोटूगो हे ॲप अडीचशे डॉलरच्या घरात आहे. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागाने केलेलं 'जेलो' फुकट आहे आणि मराठी बोलतं. अडतं ते पाटीवर, म्हणजे टॅबच्या पडद्यावरच्या शब्दबटणांच्या मांडणीत, कोणते शब्द, कुठे ठेवायचे, इथे. इंग्रजी पाटीचं भाषांतर केलं की नेमका इथेच घोळ होतो.

'वॉन्ट'ला 'हवं' लिहिलं की आंबा हवा, पोळी हवी, पाणी हवं, अशी तीन रूपं लागतात. 'पाहिजे' एका बटणात तिन्हींना पुरतं. 'नो'चं भाषांतर 'नाही' झालं की 'नको' उडतो, आणि या मुलांना सगळ्यांत आधी लागतो तो 'नको'. नको म्हणायची सोय नसलेलं मूल ताट भिरकावतं, मग त्याला 'वर्तनसमस्या' असं नाव मिळतं. 'नाही' आणि 'नको' ही दोन वेगळी बटणं हवीत, आणि 'नको' पहिल्याच पानावर. मुलीच्या टॅबमधून 'मी जातो' ऐकू आलं की वर्ग हसतो. 'मला जायचंय' दोघांना चालतं. क्रमाचंही तसंच. इंग्रजी पाटीत माणसं डावीकडे, त्यांना लागून क्रियापदं आणि नामं उजवीकडे. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून माणसं डावीकडे, खाणं-खेळ-जागा यांची पानं उघडणारी बटणं मध्ये आणि 'पाहिजे, नको, जायचंय, झालं, अजून, थांब, मदत, दुखतंय' उजव्या कडेला. नाम दाबलं की पान आपोआप पहिल्या पानावर परतलं पाहिजे, नाहीतर मूल 'पोळी'वरच अडकतं.

बटणांच्या चौकोनांची जाळी सुरुवातीलाच मोठी घ्यावी, समजा 40 घरांची, आणि त्यातली आठ-दहाच उघडी ठेवून बाकी लपवावीत. चार घरांपासून सुरू करून दर दोन महिन्यांनी जाळी वाढवली की प्रत्येक शब्दाची जागा हलते. हाताला झालेली सवय मोडते आणि मूल पुन्हा शून्यावर येतं. ॲपचं आपोआप होणारं अद्ययावतीकरणही याच कारणासाठी बंद ठेवावं आणि शब्दसंग्रहाची प्रत दर शुक्रवारी काढून ठेवावी. फुटलेला टॅब बदलता येतो, दोन वर्षं भरलेली पाटी परत मिळत नाही.

यंत्राच्या बारीकसारीक गोष्टीही घात करतात. मराठी आवाजाची फाइल टॅबमध्ये उतरवून घेतलेली नसेल, तर सहलीला गेल्यावर वायफाय सुटतं आणि टॅब गप्प होतो. हिंदी आवाजावर भागवलं तर 'चमचा'तले दोन्ही च हिंदी होतात. त्यापेक्षा त्याच वयाच्या मुलाचा आवाज रेकॉर्ड करावा. गोंगाटासाठी लावलेला ब्लूटूथ स्पीकर मध्येच झोपतो आणि जागा होताना पहिला शब्द गिळतो, आणि तो बहुतेकदा एकुलता एक 'नको' असतो. लाईट गेली किंवा बॅटरी संपली तर पहिल्या पानाची हुबेहूब कागदी पाटी दप्तराला अडकवलेली हवी: ए-फोर आकार, चकाकी नसलेलं लॅमिनेशन, कडेला अर्धा सेंटिमीटर प्लास्टिक सोडलेलं, म्हणजे डब्याचं पाणी आत शिरत नाही.

आणि तरीही टॅब पडून राहू शकतो, कारण मोठी माणसं त्यावर बोलत नाहीत. बाईंनी स्वतः बोलता बोलता बटणं दाबायची असतात: मूल एक शब्द दाबत असेल तर आपण दोन, 'पोळी'ला 'पोळी अजून'. मग मनात दहा आकडे मोजून थांबायचं. 'पाणी कुठंय, दाखव बरं' ही परीक्षा झाली, गप्पा नव्हेत. मुलाचा हात धरून त्याच्याकडून लिहून घेण्यापासूनही दूर राहावं. तिथे निघणारे शब्द मुलाचे नसतात, हात धरणाऱ्याचे असतात, आणि अमेरिकेतल्या वाचातज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्ये याविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली आहे. हे शिकवायला माणसांचे तास लागतात. टॅबखरेदीचं उद्घाटन होतं, फोटो निघतो. या तासांचा निघत नाही, म्हणून अंदाजपत्रकात त्यांना जागा मिळत नाही. इथेही हीच रड आहे.

शक्य असेल तिथे टॅब दोन ठेवावेत. बोलायच्या टॅबवर यूट्यूब नको. असलं की मूल बोलणं सोडून तिकडे पळतं, त्यात त्याचा दोष नाही. एकच टॅब परवडत असेल तर अँड्रॉइडमध्ये 'ॲप पिनिंग', आयपॅडवर 'गाइडेड ॲक्सेस' लावून बोलायच्या वेळी तो त्या एकाच ॲपवर कुलूपबंद करावा. शिक्षा म्हणून तो कधी काढून घेऊ नये. सातला भोंगा वाजला की खेळायचा टॅब खुशाल कपाटात जावा. बोलायचा टॅब जेवणाच्या ताटाशेजारी चालू राहू द्या, म्हणजे 'भाजी नको' हे त्याला भिरकावून सांगावं लागणार नाही.