तुलना १९३३ शी आहे, १९४२ शी नाही

आणीबाणीचा विषय निघाला की एक मेसेज हमखास फिरू लागतो. आमच्या घरच्या ग्रुपवर या वेळी तो मामांनी टाकला. त्याचा आशय असा: निवडून आलेल्या नेत्याला हुकूमशहा म्हणणं हा मतदारांचा अपमान आहे. हिटलरचं नाव काढलं की तुम्ही वाद हरलात. ती तुलना म्हणजे ६० लाख ज्यूंच्या मरणाची थट्टा. आणि खरी हुकूमशाही असती, तर तुम्ही हे बोलूच शकला नसता.

हा मेसेज एकाच पक्षाचा नाही. २०१८ साली अरुण जेटलींनी इंदिरा गांधींची तुलना हिटलरशी केली तेव्हा काँग्रेसवाले खवळले. आजच्या सत्ताधाऱ्यांबद्दल कुणी तसं बोललं की भाजपवाले खवळतात. म्हणून माझं म्हणणं दोघांनाही उद्देशून आहे.

आधी मतदारांचा मुद्दा घेते. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत नाझींना सुमारे ३३ टक्के मतं होती. तरी ३० जानेवारी १९३३ ला राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्गनी हिटलरला चॅन्सेलर नेमलं, तेही कायद्याला धरून. मार्चमध्ये, विरोधकांची धरपकड चालू असताना पुन्हा निवडणूक झाली, तेव्हा ४३.९ टक्के मिळाली. आणि २३ मार्चला जर्मन संसदेनेच ४४४ विरुद्ध ९४ मतांनी कायदे करण्याचा आपला अधिकार हिटलरच्या सरकारच्या हवाली केला. आपल्याकडे १९७१ मध्ये ३५२ जागा जिंकणाऱ्या इंदिराबाईंनी चार वर्षांनी आणीबाणी लादली आणि तिच्यावर संसदेचं शिक्कामोर्तबही झालं. नेता निवडून आला, एवढ्यावरून तो सत्तेवर कसा आला ते कळतं. पुढे तो त्या सत्तेचं काय करतोय, ते डोळे उघडे ठेवूनच बघावं लागतं. मत देताना मी पाच वर्षं गप्प बसण्याचं कबूल केलेलं नाही.

नेत्याचा अपमान होतो म्हणाल, तर नोव्हेंबर १९३७ मध्ये कलकत्त्याच्या ‘मॉडर्न रिव्ह्यू’त ‘चाणक्य’ या नावाने आलेला लेख आठवा. जवाहरलालसारखी माणसं लोकशाहीत धोक्याची असतात, थोडी कलाटणी मिळाली तर हा हुकूमशहा होईल, असं त्यात लिहिलं होतं. तो नेहरूंनी स्वतःच लिहिला होता. ते तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते.

‘वाद हरलात’ हे माइक गॉडविन या अमेरिकन वकिलाच्या नावावर खपवलं जातं. १९९० मध्ये तो म्हणाला होता ते एवढंच, की ऑनलाइन चर्चा लांबत जाते तशी नाझींशी तुलना होण्याची शक्यता वाढत जाते. हार-जीत लोकांनी मागाहून चिकटवली. तुलना करा, पण माहिती घेऊन करा, असं त्यानेच २०१५ मध्ये लिहिलं.

तिसरा मुद्दा मला खरंच गंभीर वाटतो. हेल्मेटसक्तीला कुणी नाझीशाही म्हणतो तेव्हा मलाही चीड येते. पण जबाबदारीने तुलना करणारा माणूस १९४२ च्या गॅस चेंबरबद्दल बोलत नसतो. तो १९३३ च्या पहिल्या काही महिन्यांकडे बोट दाखवतो: वृत्तपत्रांवर बंधनं, विरोधकांना अटक, डाखाऊची छळछावणी. ती मार्च १९३३ मध्ये उघडली आणि सुरुवातीला तिथे मुख्यतः राजकीय विरोधकच डांबले होते. १९४२ उजाडेपर्यंत थांबलं, तर तुलना करायला कोण उरणार?

आणि बळींची एवढी चाड आपल्याला खरंच आहे का? २००६ मध्ये खारघरला एका हॉटेलला हिटलरचं नाव दिलं होतं, ज्यू समाजाने आक्षेप घेतल्यावर ते बदललं. ‘आमचे मास्तर म्हणजे हिटलर’ हे आपण कौतुकाने सांगतो. ‘या देशाला एखादा हुकूमशहाच पाहिजे’ हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत, एसटीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये ऐकत आले आहे. त्यावर कधी कुणी भडकलेलं पाहिलं नाही. हुकूमशहा हवा म्हटलेलं चालतं आणि आपल्या नेत्याला हुकूमशहा म्हटलेलं चालत नाही. मग हा राग त्या ६० लाखांसाठी नाही, मामा.

राहिलं ‘बोलूच शकला नसता’. २३ मार्चच्या त्या मतदानाआधी ऑटो वेल्स हे समाजवादी नेते हिटलरसमोर उभे राहून विरोधात बोलले. सभागृहात गणवेशातले नाझी खडे होते. तरी भाषण पूर्ण झालं. तीन महिन्यांत त्यांच्या पक्षावर बंदी आली.

डिसेंबर १९७५, कराड. आणीबाणी चालू, साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण. तुरुंगवासात प्रकृती ढासळलेले जयप्रकाश नारायण मुंबईत उपचार घेत होते. दुर्गाबाईंनी भर मांडवात सगळ्यांना उभं केलं आणि जयप्रकाशांना बरं वाटावं म्हणून प्रार्थना करायला लावली. त्या दिवशी त्यांना कुणी अडवलं नाही. बाई बोलल्या, लोक उभे राहिले. मामांच्या मेसेजच्या हिशेबाने मग आणीबाणी नव्हतीच म्हणायचं.

पुढच्याच वर्षी एशियाटिक लायब्ररीत पोलीस आले आणि दुर्गाबाईंना घेऊन गेले.