३३ वाला पडला, २७ वाला आला, तरी मोजणी बरोबरच होती

नमस्कार. तुमची कमेंट तिखट होती पण मुद्द्याची होती, म्हणून सविस्तर लिहितोय. राज्यसभेच्या मतमोजणीच्या पद्धतीचं मी मागच्या लेखात कौतुक केलं होतं. तुमचं म्हणणं असं की जून २०२२ च्या महाराष्ट्रातल्या राज्यसभा निवडणुकीत पहिल्या पसंतीची (आमदार मतपत्रिकेवर उमेदवारांना एक, दोन असे नंबर देतात, त्यातल्या एक नंबरची) ३३ मतं मिळालेले महाविकास आघाडीचे संजय पवार पडले आणि २७ वाले भाजपचे धनंजय महाडिक खासदार झाले, असल्या पद्धतीचं मी कौतुक कसलं करतोय.

आधी माझी चूक. "निवडून यायला ४२ मतं लागतात" असं मी त्या लेखात लिहून गेलो, ते ढोबळ होतं. सगळे २८८ आमदार मत देणार असं धरलं तर ४२ येतात. त्या वेळी एका आमदारांचं निधन झालेलं, दोघे कोठडीत, आणि एक मत बाद, म्हणजे वैध मतं २८४. एका मताची किंमत १०० धरतात. जागा सहा, म्हणून २८,४०० ला सातने भागायचं, त्यात एक मिळवायचा, अपूर्णांक सोडून द्यायचा, की कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारा आकडा, आला ४,०५८. साध्या भाषेत ४०.५८ मतं.

आता ते ३३ आणि २७. भाजपच्याच पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना ४८-४८ मतं पडली, म्हणजे ४,८००-४,८००, म्हणजे कोटा भागून प्रत्येकाकडे ७४२ शिल्लक. ही शिल्लक वाया जात नाही, त्या ४८ मतपत्रिकांवर दोन नंबर कुणाला दिलाय ते बघतात आणि दर मतपत्रिकेमागे १५ त्याच्या खात्यात टाकतात. सगळ्यांवर दोन नंबर महाडिकांना धरला तर एकाचे ७२०, दोघांचे १,४४०. महाडिकांना कमी पडत होते १,३५८. झालं की काम!

हे किचकट वाटत असेल तर सरळ बेरीज करून बघा. भाजपच्या तिघांची मतं ४८, ४८ आणि २७, एकूण १२३, म्हणजे माणशी ४१. महाविकास आघाडीचे चौघे, ४४, ४३, ४१ आणि ३३, एकूण १६१, म्हणजे माणशी ४०.२५. कोटा ४०.५८. आघाडीने मतं कशीही वाटली असती तरी चौघांना पुरत नव्हती, तिकडे मात्र तिघांना पुरून उरत होती. बरं, ते बाद मत आघाडीच्या पारड्यात टाकून मी परत गणित केलं (रात्री उशिरा, दोनदा चुकलो), कोटाही वाढून ४,०७२ होतो आणि निकाल तोच राहतो.

उघड मतदानाबद्दल मात्र तुमच्याशी सहमत आहे. २००३ पासून आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या एजंटला दाखवावी लागते, दुसऱ्या कुणाला दाखवली तर मत बाद, ते एक मत त्याच कारणाने गेलं. हेतू घोडेबाजार थांबवण्याचा, पण अपक्षांनी कुणालाच दाखवायची नाही असा नियम आहे, मग बाजार भरणार कुठे ते सांगायला नको.

म्हणून तुमचा संशय मोजणीवर नको, दुसरीकडे न्या. भाजपचे स्वतःचे आमदार तेव्हा १०६ होते आणि मतं पडली १२३. वरच्या १७ मधले काही अपक्ष आणि छोटे पक्ष आधीपासून त्यांच्यासोबत होतेच, ते सोडून द्या. बाकीचे कोण, कधी आणि का आले, हे कुठल्याच मतपत्रिकेवरून कळत नाही.