‘एकदा एफआयआर झाली की आयुष्य संपलं’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

भरतीची तयारी करणाऱ्या मुलांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतोय. मजकूर साधारण असा: ‘आंदोलनात जाऊ नका. एकदा एफआयआर झाली की तुम्ही गुन्हेगार. पासपोर्ट कायमचा बंद, सरकारी नोकरी कायमची बंद. अठराच्या आत असलात तरी रेकॉर्ड राहतंच. निर्दोष सुटलात तरी बोटांचे ठसे जन्मभर पोलिसांकडे.’ मी तालुका कोर्टात वकिली करतो. हे वाचून हादरलेली मुलं माझ्याकडे येतात, आणि घाबरून जे करून बसतात त्यानेच त्यांचं खरं नुकसान होतं. म्हणून एकेक वाक्य घेतो.

‘एफआयआर झाली की गुन्हेगार.’ अजिबात नाही. एफआयआर ही दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्याचा तपास पोलीस थेट करू शकतात अशा गुन्ह्याची, पोलिसांनी लिहून घेतलेली पहिली खबर. त्यानंतर तपास, दोषारोपपत्र, खटला, आणि मग निकाल. तपासात काही हाती लागलं नाही तर आपल्याकडे पोलीस कोर्टात समरी, म्हणजे तपास बंद करायचा अहवाल, पाठवतात. गुन्हा घडलाय पण आरोपी सापडत नाही तर ‘अ’, फिर्याद जाणूनबुजून खोटी दिलेली असेल तर ‘ब’, गैरसमजातून किंवा मुळात दिवाणी वादातून आलेली असेल तर ‘क’. पुष्कळ जण तर बांधावरच्या भांडणाची एनसीही गुन्हा म्हणून डोक्यावर घेऊन फिरतात. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तिचा तपाससुद्धा करता येत नाही.

‘पासपोर्ट कायमचा बंद.’ पासपोर्ट कायदा 1967 चं कलम 6 काढून वाचा. फौजदारी कोर्टात खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो, एवढं खरं. पण नुसती एफआयआर म्हणजे प्रलंबित खटला नव्हे. कोर्टाने दखल घेतली असेल तरच तो प्रलंबित धरायचा, असं परराष्ट्र मंत्रालयाने ऑक्टोबर 2019 मध्ये लेखी स्पष्ट केलंय. आणि खटला सुरू असला तरी 25 ऑगस्ट 1993 च्या अधिसूचनेची वाट आहेच: त्याच कोर्टात अर्ज करून परदेशी जायची परवानगी घ्यायची. कोर्टाने मुदत लिहिली नसेल तर पासपोर्ट एका वर्षाचा मिळतो. शिक्षा झालेल्यालाही ‘कायमचा’ हा शब्द लागू नाही. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात किमान दोन वर्षांची शिक्षा झाली असेल, तर त्या कारणावरून नाकारण्याचा काळ मागच्या पाच वर्षांपुरता. मात्र माहिती दडवून घेतलेला पासपोर्ट जप्त होऊ शकतो.

आता नोकरी. इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त मुलं इथेच पडतात.

मागच्या पावसाळ्यात एक मुलगा ऑफिसात आला. निवड यादीत नाव लागलेलं, हातात साक्षांकन नमुना, म्हणजे नेमणुकीआधी स्वतःची माहिती भरून द्यायचा फॉर्म. दोन वर्षांपूर्वी रास्ता रोकोत सापडलेला; तेव्हाच्या भारतीय दंड संहितेची 143, 341, 188 आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं 135, आंदोलनात तेव्हा लागायची तीच कलमं. ‘आपल्याविरुद्ध कोणताही खटला प्रलंबित आहे काय?’ या ओळीपुढे त्याने पेन्सिलीने फिकट ‘नाही’ लिहून आणलं होतं. मित्रांनी सांगितलेलं, होय लिहिलंस तर संपलास. घरी तर वडिलांना केसचीही कल्पना नव्हती.

त्याला मी अवतार सिंगचा निकाल वाचायला दिला. 21 जुलै 2016, सर्वोच्च न्यायालय, तीन न्यायमूर्तींचं खंडपीठ. न्यायालय म्हणतं, विचारलेली माहिती खरीच द्यायची. किरकोळ स्वरूपाचा प्रलंबित खटला उमेदवाराने खरेपणाने सांगितला असेल, तर निकालाच्या अधीन राहून नेमणूक देता येते. तरुण वयातल्या घोषणाबाजीचं उदाहरण तर निकालातच आहे: अशा क्षुल्लक प्रकरणात शिक्षा झाली आणि ती लपवली, तरी नेमणूक करणारा स्वतःच्या अधिकारात त्याकडे दुर्लक्ष करू शकतो. पण तो त्याचा अधिकार आहे, आपला हक्क नाही. खरं सांगितलं म्हणून नेमणूक द्यायची सक्तीही त्याच्यावर नाही. प्रकरण गंभीर असेल किंवा तांत्रिक मुद्द्यावर सुटका झाली असेल, तर तो पूर्वचारित्र्य तपासणारच, आणि पोलीस दलाच्या नोकरीत ही कसोटी जास्त कडक लागते. म्हणजे दार बंद नाही, आणि सताड उघडंही नाही. खोटं लिहिलं की मात्र खटल्याच्या जोडीला लपवाछपवीचा ठपका येतो, आणि चारित्र्य पडताळणीत पोलीस ठाण्याकडून नोंद पुढे येते.

आणखी एक चूक दिसते. सरकारने आंदोलनातले खटले मागे घ्यायचं ठरवलं, अशी बातमी आली की मुलं आपला खटला मिटलाच असं धरून चालतात. सरकारी वकिलाला त्यासाठी कोर्टाची संमती लागते. कोर्टाचा आदेश हातात येईपर्यंत खटला चालूच आहे.

‘अठराच्या आत असलात तरी.’ हे वाक्य वाचून मला खरोखर राग येतो, कारण कायदा याच्या नेमका उलट आहे. बाल न्याय कायदा 2015, कलम 24: बालकाला दोषी ठरवलं गेलं तरी त्यामुळे कसलीही अपात्रता येत नाही, आणि अपिलाची मुदत संपली की नोंदी नष्ट करायच्या. अपवाद एकच, किमान सात वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यात 16 ते 18 वयाच्या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालून तो दोषी ठरला तर. कलम 74 प्रमाणे, प्रलंबित किंवा निकाली निघालेल्या प्रकरणातली बालकाची नोंद चारित्र्य प्रमाणपत्रासाठीही पोलिसांनी उघड करायची नाही. सोळाव्या वर्षीच्या मारामारीची लाज पंचविशीपर्यंत बाळगणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांना हे कुणीच सांगितलेलं नसतं.

ठशांचं वाक्य अर्धं खरं. 2022 च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने बोटांच्या ठशांसारखी मोजमापं 75 वर्षं ठेवता येतात. पण आधी शिक्षा झालेली नसेल आणि सगळे कायदेशीर मार्ग संपून सुटका कायम झाली असेल, तर ती नष्ट करायची आहेत. न्यायालयाने किंवा दंडाधिकाऱ्यांनी कारणं नोंदवून तसं करू नका म्हटलं, तरच राहतात.

मेसेजमध्ये नसलेली एक अडचण मात्र खरी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशाने संवेदनशील प्रकरणं सोडून एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकल्या जातात. आरोपीला प्रत लवकर मिळावी हा हेतू, आणि तो चांगलाच. पण सुटका झाल्यावरही नाव शोधलं की जुना कागद वर येतो. अमेरिकेत पेनसिल्वेनिया राज्याने 2018 मध्ये कायदा करून ठरावीक जुन्या नोंदी आपोआप झाकायची सोय केली. तसा कायदा आपल्याकडे प्रौढांसाठी नाही. तो व्हायला हवा.

त्या मुलाने माझ्यासमोरच खोडरबर मागितलं. ‘नाही’ पुसून पेनने ‘होय’ लिहिलं, आणि खालच्या रकान्यात कोर्टाचं नाव, खटला क्रमांक, कलमं, पुढची तारीख. दोषारोपपत्राची प्रत जोडली. मग वडिलांना फोन लावला.