इस्सेनची वाट पाहताना : ओनिमुशाच्या पुनरागमनाविषयी

डिसेंबर 2024 मध्ये लॉस एंजेलिस येथे झालेल्या ‘द गेम अवॉर्ड्स’च्या सोहळ्यात कॅपकॉम या जपानी कंपनीने ‘ओनिमुशा: वे ऑफ द स्वोर्ड’ हा तलवारबाजीचा नवा व्हिडिओ गेम जाहीर केला. या मालिकेतला शेवटचा मोठा भाग 2006 साली आला होता. त्या वर्षी जन्मलेली मुले आज महाविद्यालयात शिकत आहेत. इतक्या वर्षांनी ते नाव पडद्यावर उमटताना पाहून मला फार आनंद झाला. मात्र त्या आनंदाबरोबरच एक काळजीही मनात आली आणि तिच्याविषयी सविस्तर लिहावे असे तेव्हापासून वाटत होते. जुनी मालिका परत आणताना तिच्यातले नेमके काय परत आणायचे, हा प्रश्न साधा वाटतो, पण तसा तो नाही. ओनिमुशापुरते माझे उत्तर एका जपानी शब्दात आहे, आणि तो शब्द म्हणजे ‘इस्सेन’.

मी हा गेम पहिल्यांदा खेळलो तो पुण्यातल्या एका लहानशा गेमिंग पार्लरमध्ये. आमच्यापैकी कोणाच्याच घरी प्लेस्टेशन 2 नव्हता, त्यामुळे तासाप्रमाणे पैसे मोजून खेळावे लागे. पार्लरच्या मालकांकडे मेमरी कार्ड असे, त्यावर आमचा खेळ साठवलेला असे आणि पुढच्या शनिवारपर्यंत तो कोणी पुसणार नाही अशी आशा बाळगून आम्ही घरी जात असू. बहुतेक मुले क्रिकेट, फुटबॉल किंवा गाड्यांच्या शर्यती खेळत, कारण त्यात दोघांना एकत्र खेळता येई आणि तासाचे पैसे वाटून घेता येत. ओनिमुशा मात्र एकट्याने खेळायचा गेम होता. घड्याळ पुढे सरकत असताना, प्रत्येक मिनिटाचा हिशेब डोक्यात असताना, हा गेम मला सांगत होता की घाई करू नकोस, थांब, समोरच्याचा वार येऊ दे. त्या वयात असे सांगणारी दुसरी कोणतीही गोष्ट माझ्या आयुष्यात नव्हती.

पहिला ओनिमुशा जानेवारी 2001 मध्ये जपानमध्ये प्रकाशित झाला. त्याची मूळ कल्पना कॅपकॉमच्याच ‘रेझिडेंट ईव्हिल’वरून, म्हणजे जपानमध्ये ज्याला ‘बायोहॅझर्ड’ म्हणतात त्या भयपटासारख्या गेमवरून निघाली होती: तशीच बंद वास्तू, तसेच कुलूपबंद दरवाजे आणि तशीच कोडी, पण काळ जपानमधल्या यादवी युद्धांचा, म्हणजे सेंगोकू काळाचा. योशिकी ओकामोतो यांच्या या कल्पनेवर केइजी इनाफुने हे निर्माते आणि जुन ताकेउची हे दिग्दर्शक म्हणून काम करत होते. काम पहिल्या प्लेस्टेशनसाठी सुरू झाले होते, पण मध्येच ते नव्या प्लेस्टेशन 2 कडे वळवण्यात आले, आणि त्या यंत्रावर दहा लाख प्रतींचा टप्पा गाठणारा तो पहिला गेम ठरला.

कथेची सुरुवात 1560 सालच्या ओकेहाझामाच्या लढाईने होते. इतिहासात या लढाईत ओदा नोबुनागा या सरदाराने मोजक्या सैन्यानिशी इमागावा योशिमोतोच्या प्रचंड फौजेचा पराभव केला आणि तिथून त्याचा उदय सुरू झाला. गेममध्येही तो जिंकतो, पण विजयाच्या त्याच क्षणी एक बाण लागून मरतो, आणि ‘गेन्मा’ नावाचे राक्षस त्याला पुन्हा जिवंत करून आपल्या बाजूला घेतात. नायक सामानोसुके अकेची इनाबायामाच्या किल्ल्यातून नाहीशी झालेल्या युकी राजकन्येच्या शोधात निघतो. आपल्याकडे इतिहासपुरुषाच्या कथेत असा फेरफार करण्याचे धाडस सहसा कोणी करत नाही, त्यामुळे मी सुरुवातीला थोडा बिचकलो होतो. नंतर वाचताना लक्षात आले की अकेची हे आडनाव सहज निवडलेले नाही. 1582 मध्ये क्योतोच्या होन्नोजी मंदिरात नोबुनागाचा शेवट घडवून आणणारा सरदार अकेची मित्सुहिदे होता, आणि सामानोसुके हे त्याच्याच घराण्यातल्या एका खऱ्या योद्ध्याचे नाव आहे. जपानी खेळाडूला हे नाव ऐकताच पुढचे वैर कळत असणार. राक्षसांची नावे मात्र फोर्टिनब्रास, गिल्डनस्टर्न, मार्सेलस अशी थेट शेक्सपिअरच्या हॅम्लेटमधून घेतलेली आहेत, आणि सेंगोकू जपानात ती नावे विचित्र वाटण्याऐवजी परक्या, थंड जगाची चाहूल देतात.

आता इस्सेनविषयी. या शब्दाचा अर्थ ‘एक लखलखाट’ असा सांगता येईल. शत्रू तलवार उगारतो, ती खाली येऊ लागते, आणि ती अंगाला लागण्याच्या अगदी आधीच्या क्षणी तुम्ही वार केलात, तर एकाच फटक्यात शत्रू कोसळतो. क्षणभर आधी बटण दाबले तर तो साधा वार ठरतो, क्षणभर उशीर झाला तर तलवार तुमच्याच अंगात शिरते. ढाल किंवा बचाव यात मोजला जात नाही. किंबहुना बचाव सोडून उघड्या अंगाने उभे राहिल्याशिवाय इस्सेन साधत नाही. पहिला गेम हे कुठेही नीटसे शिकवत नाही आणि त्याची सक्तीही करत नाही. ज्याला बटणे बडवत शेवटपर्यंत जायचे आहे तो जाऊ शकतो. मी स्वतः पहिल्या वेळी तसाच खेळलो होतो, आणि एका अरुंद दालनात केवळ योगायोगाने पहिला इस्सेन लागला, तेव्हा काय झाले ते मला कळलेही नाही. कळले तेव्हा मी गेम पहिल्यापासून पुन्हा सुरू केला.

इस्सेनच्या जोडीला दुसरी एक गोष्ट आहे. मेलेल्या शत्रूच्या देहातून आत्मे बाहेर पडतात आणि सामानोसुकेच्या हातावरचे ‘ओनी’ या जपानी लोककथांतल्या दैत्यांनी दिलेले हातकवच ते शोषून घेते. लाल आत्म्यांनी शस्त्रांची ताकद वाढवता येते, पिवळ्यांनी जखमा भरून येतात, निळ्यांनी जादू भरते. आत्मे काही क्षणांतच विरून जातात, आणि ते शोषून घेताना नायकाला जागेवर उभे राहावे लागते, भोवताली इतर शत्रू तलवारी घेऊन फिरत असले तरी. म्हणजे मारण्याआधी थांबायचे आणि मारल्यानंतरही थांबायचे. तलवारबाजीच्या गेममध्ये सगळा ताण या दोन थांबण्यांत साठवलेला असावा, ही रचना मला आजही विलक्षण वाटते.

त्या थांबण्याला जागाही तशीच दिलेली होती. कॅमेरा स्थिर होता आणि मागची दृश्ये आधीच रेखाटून ठेवलेली होती. कागदी पडद्यांची दालने, तळघरातल्या पायऱ्या, चांदण्यात भिजलेले अंगण, असे प्रत्येक ठिकाण एका ठरावीक कोनातून दिसे. या पद्धतीचे तोटे मी नाकारत नाही. कोन बदलला की दिशेचा गोंधळ उडे आणि कोपऱ्यामागचा शत्रू दिसत नसे. पण किल्ला लहान होता आणि तुम्ही त्याच दालनांतून पुन्हा पुन्हा जात होता, त्यामुळे काही तासांत तो तुमच्या ओळखीचा होई. मैलोन्‌मैल पसरलेल्या नकाशांपेक्षा त्या एका किल्ल्याची मला अधिक ओळख आहे, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो.

पुढचे भाग लवकर लवकर आले. 2002 मधल्या दुसऱ्या भागात नायक याग्यू जुबेइ झाला आणि इस्सेनची साखळी करता येऊ लागली: एका शत्रूला पाडताच अचूक क्षणी पुन्हा वार केला की तोच लखलखाट शेजारच्या शत्रूपर्यंत पोहोचतो. माझ्या मते ही या मालिकेतली सर्वांत सुंदर भर आहे. 2004 मधल्या तिसऱ्या भागात फ्रेंच अभिनेते जाँ रेनो आले, आणि कथा 1582 चा जपान आणि आजचे पॅरिस यांच्यात ये-जा करू लागली. 2006 मधला ‘डॉन ऑफ ड्रीम्स’ खूप मोठा आणि कष्टाने केलेला होता, पण तो किल्ल्याची ती दाट कोंडी सोडून मोकळ्या मैदानात आला होता. त्याच वर्षी प्लेस्टेशन 3 बाजारात आला आणि मालिका मागे पडली. मधल्या काळात ओनिमुशाचे ऋण मात्र इतरत्र दिसत राहिले. ओनिमुशा तयार होत असताना एका त्रुटीमुळे शत्रू वार खाऊन हवेतच तरंगत राहत. ते पाहून कॅपकॉमचेच दिग्दर्शक हिदेकी कामिया यांना ‘डेव्हिल मे क्राय’ या गेममधल्या हवेतल्या वारांची कल्पना सुचली, आणि तलवारीच्या गेमची एक संपूर्ण वेगळी परंपरा त्यातून उभी राहिली. ती वेगाची आणि सलग वारांची परंपरा आहे. ओनिमुशाची परंपरा तिच्या नेमकी उलट आहे, म्हणून ती एकटी पडली असे मला वाटते.

परतीचा रस्ता 2019 च्या सुमारास पहिल्या भागाच्या रिमास्टरपासून, म्हणजे नव्या यंत्रांसाठी सुधारलेल्या आवृत्तीपासून, सुरू झाला. चित्र स्पष्ट झाले, कंट्रोलरच्या काडीने मोकळेपणी चालता येऊ लागले, पण मूळचे संगीत गेले. मूळ संगीत मामोरु सामुरागोची यांच्या नावावर होते, ज्यांना श्रवणशक्ती गमावलेला महान संगीतकार म्हणून जपानने डोक्यावर घेतले होते. 2014 मध्ये ताकाशी निइगाकी यांनी जाहीर केले की त्यांच्यासाठी वर्षानुवर्षे आपणच संगीत लिहीत होतो. रिमास्टरमध्ये त्या संगीताच्या जागी दुसरे संगीत आले. निर्णयामागची अडचण मी समजू शकतो, तरीही मोठ्या वाद्यवृंदाने आणि पारंपरिक जपानी वाद्यांनी भरलेला तो आवाज गेल्याचे मला दुःख आहे. वाजवणाऱ्यांनी कोणालाही फसवले नव्हते. मे 2025 मध्ये दुसऱ्या भागाचाही रिमास्टर आला.

चेहऱ्यांविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. पहिल्या भागापासून या मालिकेने खऱ्या अभिनेत्यांचे चेहरे घेतले. सामानोसुकेला ताकेशी कानेशिरो यांचा चेहरा होता आणि जपानी आवाजही त्यांचाच होता. जुबेइला मात्र युसाकू मात्सुदा यांचा चेहरा दिला गेला, ज्यांचे निधन 1989 मध्येच झाले होते. आता नव्या गेमचा नायक असलेल्या मियामोतो मुसाशी या विख्यात जपानी तलवारबाजाला 1997 मध्ये निवर्तलेले अभिनेते तोशिरो मिफुने यांचा चेहरा आहे. 2023 मधल्या ओनिमुशा ॲनिमे मालिकेतही मुसाशीसाठी तोच चेहरा वापरला होता. गेलेल्या माणसाचा चेहरा असा वापरावा का, हा प्रश्न मला छळतो, आणि वारसांची परवानगी असली तरी तो पूर्णपणे मिटत नाही. तरीही या एका बाबतीत मी होकाराच्या बाजूने आहे. मिफुने यांनी 1950 च्या दशकात हिरोशी इनागाकी यांच्या तीन चित्रपटांत मुसाशीचीच भूमिका केली होती, त्यामुळे ही निवड केवळ प्रसिद्ध चेहऱ्याची नाही, त्या भूमिकेच्या इतिहासाची आहे. शिवाय तलवार हातात असताना मिफुने ज्या तऱ्हेने स्थिर उभे राहत आणि मग एकदम हलत, त्यात मला इस्सेनच दिसतो.

मुसाशीची निवडही मला योग्य वाटते. 1612 मध्ये गान्र्यूजिमा बेटावर सासाकी कोजिरोशी झालेल्या त्याच्या द्वंद्वाची आख्यायिका जपानमध्ये सर्वांना ठाऊक आहे: तो मुद्दाम उशिरा आला, प्रतिस्पर्ध्याला ताटकळत ठेवले, आणि वल्ह्यातून कोरलेल्या लाकडी तलवारीने एका फटक्यात लढत संपवली. वाट पाहणे हेच ज्याचे शस्त्र होते असा दुसरा योद्धा या मालिकेला सापडला नसता. कथा एदो काळाच्या प्रारंभीच्या, म्हणजे सतराव्या शतकातल्या, क्योतोमध्ये घडते, आणि आतापर्यंत दाखवलेल्या भागात दिसणाऱ्या गल्ल्या आणि मंदिरे पाहून जुन्या किल्ल्याची कोंडी पुन्हा मिळेल अशी आशा वाटते.

काळजी आहे ती लढाईची. नव्या गेममध्ये शत्रूचा दम खच्ची करत न्यायचा आणि तो मोडला की ‘ब्रेक इस्सेन’ द्यायचा, अशीही एक सोय आहे. ती दिसायला देखणी आहे, पण तिच्यात इस्सेन ही साठवलेल्या वारांची परतफेड होते, क्षणाची पारख राहत नाही. 2019 मधल्या ‘सेकिरो’ या गेमने शत्रूचा तोल मोडण्याची कला इतक्या उंचीवर नेली आहे की त्या वाटेने जाणाऱ्या कोणाचीही तुलना त्याच्याशीच होईल, आणि विस्तीर्ण माळरानावरचा सामुराई हवा असेल त्याच्यासाठी 2020 मधला ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ आणि त्याच्यानंतरचा ‘घोस्ट ऑफ योतेइ’ आहेतच. ओनिमुशाला यांच्यापैकी कोणासारखे होण्याची गरज नाही. कॅमेरा मोकळा करावा, चालणे सोपे करावे, यांपैकी कशालाही माझी हरकत नाही. फक्त मूळचा इस्सेन, बचाव सोडून उघड्या अंगाने साधायचा तो एक क्षण, खेळाच्या मध्यभागी राहावा, आणि तो साधणाऱ्याला इतर सर्व उपायांपेक्षा अधिक मिळावे, एवढी एकच मागणी एक जुना खेळाडू म्हणून मी मनापासून करतो.

नवा गेम हाती येईपर्यंत मी दुसऱ्या भागाचा रिमास्टर पुन्हा खेळायला घेतला आहे. आता घरी तासाचे पैसे मोजावे लागत नाहीत, त्यामुळे रात्री जेवणानंतर निवांत बसता येते. काल एका अंगणात पाच गेन्मा एकदम चालून आले. मी जागेवरच उभा राहिलो, पहिल्याची तलवार खाली येऊ दिली, आणि साखळी तिसऱ्यापर्यंत गेली. चौथ्याच्या वेळी बटण किंचित आधी दाबले गेले.